दुसऱ्या खेपेची गोष्ट

जानेवारी २०१९ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’चा दुसरा भाग झी मराठीवर सुरू झाला, तेव्हा पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच मेलेला माणूस त्यात जिवंत होता. अण्णा नाईक.

२०१६ चा पहिला भाग अण्णांच्या मरणानंतरचा. वाड्यात जमलेली मुलं-सुना, वाटणीची भांडणं, रात्रीचे आवाज. प्रेक्षक घाबरला, पण सगळी ओढ ‘हे करतंय कोण’ एवढ्यापुरतीच होती. रहस्य फुटलं की अशी मालिका संपते. दुसऱ्या भागाने काळ मागे नेला आणि हे घर असं कशाने झालं, ते दाखवलं. माधव अभ्यंकरांचा अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता यांनी महाराष्ट्राला वेड लावलं हे खरंच. पण भीती खरी उतरली ती शकुंतला नरे यांच्या माईत. नवऱ्याचं सगळं ठाऊक असून रांधणारी, वाढणारी बाई. भूत मागे पडलं, स्वयंपाकघर भयाण झालं. सतत ‘इसरलंय’ म्हणणारा पांडू लेखक प्रल्हाद कुडतरकरांनी स्वतःच रंगवला. जिथे सगळे जाणूनबुजून विसरतात, त्या घरात खरोखर विसरणारा हा एकटाच निष्पाप ठरतो. लिहिणाऱ्याला आपलं घर दुसऱ्यांदा अधिक नीट दिसलं, याची ही खूण. २०२१ च्या तिसऱ्या भागात अण्णा-शेवंता भुतं होऊन परतले आणि ती पकड सैल झाली.

मराठीत दुसरा भाग काढायची हौस मोठी आहे, मात्र तो बहुतेकदा पहिल्याच्या पुण्याईवर चालतो. महेश कोठारे यांनी १९९३ चा ‘झपाटलेला’ वीस वर्षांनी थ्रीडीत पुढे नेला. तात्या विंचू पडद्याबाहेर झेपावला, पण त्याला घाबरणारा लक्ष्मीकांत बेर्डे नव्हता.

नवं यंत्र आलं म्हणून जुनी गोष्ट पुन्हा सांगावी, हा मोह कोल्हापूरला फार पूर्वी पडला होता. बाबूराव पेंटरांनी घरी घडवलेल्या कॅमेऱ्यावर १९२० मध्ये ‘सैरंध्री’ काढला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने कात्री लावली. १९३३ मध्ये ‘प्रभात’ फिल्म कंपनीने तीच कथा रंगीत केली, रिळं जर्मनीपर्यंत नेली, तरी रंग बिघडले आणि चित्रपट पडला. शेतकऱ्याच्या दैन्यावरचा १९२५ चा मूक ‘सावकारी पाश’ बाबूरावांनीच १९३६ मध्ये बोलता केला. लोकांच्या आठवणीत मात्र मूकपटच राहिला: अंधारात बुडालेली झोपडी आणि भुंकणारं कुत्रं. आवाज नसताना ते कुत्रं ऐकू आलं, हे बाबूरावांचं मोठेपण. शब्द आल्यावर त्यात भर पडायला जागाच उरली नव्हती.

शेतकऱ्याच्या त्याच दैन्यापाशी एक जपानी ॲनिमे वेगळ्या वाटेने पोचतं. ‘व्हिनलँड सागा’चा २०१९ चा पहिला सीझन तलवारींचा आणि सुडाचा. २०२३ च्या दुसऱ्यात नायक थॉरफिन गुलाम होऊन रान तोडतो, मुळं उपटतो, गहू पेरतो. लढाई बघायला आलेल्यांचा धीर सुटावा इतक्या सावकाश. ज्या हातांनी माणसं मारली, त्या हातांना मातीची सवय लागताना बघणं ही पहिल्या सीझनपेक्षा कितीतरी मोठी गोष्ट आहे.

कोल्हापूरच्या मातीतल्या माणसांनाही एकदा असं जमलं. १९२९ मध्ये इथे ‘प्रभात’ उभी राहिली, तिचा पहिला मूकपट ‘गोपाळकृष्ण’. नऊ वर्षांनी दामले-फत्तेलाल या जोडीने तोच विषय पुन्हा घेतला. मधल्या काळात त्यांनी ‘संत तुकाराम’ केला होता. देव दाखवायचा तर आधी गाव, गोठा, अंगण दाखवावं लागतं, हे त्यातून त्यांच्या हाताला कळलं होतं. म्हणून या गोकुळात चमत्काराआधी गाईगुरं दिसतात. शांता आपटे राधा झाल्या, संगीत मास्टर कृष्णरावांचं, आणि कृष्ण झालेला राम मराठे तेव्हा चौदाएक वर्षांचा मुलगा. तो पडद्यावर गाऊ लागला, तोवर ‘प्रभात’ला कोल्हापूर सोडून पुण्याला जाऊन पाच वर्षं झाली होती.