‘ओएमजी २’ : दुसऱ्या भागाचे बळ आणि ओझे

लोकप्रिय नटाच्या नावावर काढलेल्या चित्रपटाचा दुसरा भाग बहुधा पहिल्याच्या पुण्याईवर जगतो. अमित राय यांचा ‘ओएमजी २’ (२०२३) हा हिंदी चित्रपट या नियमास निदान अर्धा अपवाद आहे, असे आमचे मत आहे. त्याचे काही चित्रीकरण उज्जयिनीत महाकालेश्वराच्या परिसरात झाले. तेव्हा येथील मराठी मंडळींस त्याविषयी कुतूहल वाटावे, हे स्वाभाविकच.

२०१२ च्या पहिल्या भागात एक नास्तिक व्यापारी देवालाच न्यायालयात खेचतो. येथे नायक कांतिशरण मुद्गल शिवभक्त आहे. शाळकरी मुलाचे एक खासगी कृत्य चित्रफितीमुळे जगजाहीर होते, आणि शाळा मुलालाच काढून टाकते. बाप खटला भरतो आणि प्रतिवादींत स्वतःचेही नाव घालतो. कथेचे मर्म येथे आहे. लैंगिक शिक्षण टाळणारी शाळा दोषी असेल, तर घरात मौन पाळणारा बापही निर्दोष नव्हे. ही कबुली पंकज त्रिपाठी यांनी अशा संयत विनोदाने दिली आहे की, प्रेक्षक हसता हसता अंतर्मुख होतो.

दोषही तितकेच स्पष्ट आहेत. अक्षय कुमार यांचा शिवदूत अडचणीच्या घटकेस नेमका प्रकट होतो. त्यामुळे प्रसंगांस अद्भुताची रंगत येते, पण बापाने स्वतः मिळविलेल्या धैर्याचे श्रेय निष्कारण वाटून घेतले जाते. उत्तरार्धात युक्तिवादाची जागा व्याख्यान घेते. प्रतिपक्ष दुबळा ठेवल्याने विजयही स्वस्त होतो.

मराठी वाचकांस हा वाद अपरिचित नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. त्या झगड्यात कोणी देवदूत धावून आला नव्हता. चित्रपटातील बापालाही त्याची गरज नव्हती, असे आम्हांस वाटते.

परीक्षण मंडळाने हा चित्रपट केवळ प्रौढांसाठी ठरविला. ज्या वयाच्या मुलांसाठी हा धडा लिहिला, तीच चित्रगृहाच्या दाराबाहेर राहिली. तो धडा वर्गात पोहोचविण्याचे काम अखेर आम्हा शिक्षकांकडेच उरले आहे; आणि प्रतिवादींच्या यादीत आमचेही नाव आहे, हे विसरून चालणार नाही.