तात्पर्याआधीची गोष्ट

लहान मुलांना परंपरागत कथा का सांगाव्यात, या प्रश्नाला बहुधा एकच उत्तर मिळते: त्यांपासून बोध होतो म्हणून. हे उत्तर कथेवर अन्याय करणारे आहे आणि ते खरेही नाही. लेकीकडे निघालेली म्हातारी वाघाला लठ्ठ होऊन परतण्याचे आश्वासन देते आणि परतताना भोपळ्यात बसून त्याला चकवते. या कथेचे तात्पर्य काढावयाचे तर वचन मोडावे असेच काढावे लागेल. चिमणी पावसात भिजणाऱ्या कावळ्याला दाराबाहेर तिष्ठत ठेवते. तिला आदर्श शेजारीण ठरविण्याचे धाडस कोणी करू नये. बोध हेच या कथांचे बळ असते, तर त्या केव्हाच विसरल्या गेल्या असत्या.

त्यांचे बळ भाषेत आहे. मराठीच्या नेहमीच्या वाक्यात क्रियापद अखेरीस येते. 'एक होता राजा' या प्रारंभात ते नामाच्या आधी येते. एवढ्या एका उलटापालटीने तीन वर्षांच्या मुलाला कळते की आता घरातले बोलणे संपले आणि कथा सुरू झाली. त्या वयाचे बोलणे बहुतांशी समोरच्या वस्तूंपुरते असते: दे, नको, हे काय. म्हातारीच्या आश्वासनात मात्र अद्याप न घडलेल्या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. आधी एक होईल, मग दुसरी. चिमणीच्या सबबींत वाक्याचा साचा तोच राहतो आणि क्रिया तेवढी बदलते: बाळाला न्हाऊ घालणे, अंग पुसणे, काजळ घालणे, निजविणे. भाषेच्या अध्यापकाला वाक्यरचनेचे असे पाठ मुद्दाम तयार करावे लागतात. आजीला त्यासाठी पदविका घ्यावी लागली नाही.

या कथांना आक्षेप घेणारेही सामान्य नव्हते. मारिया माँटेसरी यांचा लहान वयात परीकथा सांगण्यास विरोध होता. प्रौढांची कल्पिते मुलावर लादली जातात, खऱ्या-खोट्याचा विवेक जागा होण्यास त्यामुळे अडथळा येतो, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्याच पद्धतीचा पुरस्कार करणाऱ्या गिजुभाई बधेका यांनी मात्र भावनगरच्या बालमंदिरात १९२० पासून कथाकथनाला मानाचे स्थान दिले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. माँटेसरींच्या आक्षेपात एक गृहीत आहे: मूल कथेला वृत्तांत समजते. वस्तुतः कथेची भाषाच तसे समजू देत नाही. मराठीतील 'म्हणे' हा शब्द सांगणाऱ्याच्या अंगावरील खरेपणाची जबाबदारी काढून घेतो, आणि हे मुलाला व्याकरण न शिकता उमगते. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात परीकथांचे समर्थन मनोविश्लेषणाच्या आधारे केले. भाषेचा हा पैलू तेथे जवळजवळ नाहीच.

धर्माबादसारख्या गावी या प्रश्नाला निराळी धार येते. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेला हा मुलूख १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत विभागला. धर्माबाद मुंबई राज्यात आले, गोदाकाठचे जवळचे बासर आंध्र प्रदेशात गेले. सीमा आखली गेली तरी आज्या एका भाषेच्या झाल्या नाहीत. ज्या मुलाने घरी 'अनगनगा' या तेलुगू प्रारंभाने कथा ऐकली, ते मराठी बालवाडीत आले की अबोल किंवा मंद ठरते आणि घरची भाषा सोडविण्याचा सल्ला पालकांना मिळतो. हा सल्ला अज्ञानमूलक आहे. 'अनगनगा' हा शब्दही म्हणणे या अर्थाच्याच धातूपासून आला आहे. दुसऱ्याचे बोलणे सांगून झाल्यावर तेलुगू 'अनि' जोडते, तेथे मराठीत 'म्हणून' किंवा 'असं' येते. 'करून', 'जाऊन' या धातुसाधितांची जी माळ मराठी कथेत गुंफली जाते, तीच तेलुगूत 'चेसि', 'वेळ्ळि' यांनी गुंफली जाते. ऐकणाऱ्याला वगळणारे 'आम्ही' आणि त्याला सामावून घेणारे 'आपण' हा भेद प्रमाण उर्दूच्या 'हम'मध्ये नाही. तेलुगूच्या 'मेमु' आणि 'मनमु' यांत तो जसाच्या तसा आहे. आजीच्या कथेने त्या मुलाच्या मनात मराठी वाक्याचा सांगाडा आधीच उभा केलेला असतो. उणीव असते ती शब्दांची.

म्हणून घरची कथा थांबविण्याऐवजी ती वर्गात आणविणे हेच शास्त्रशुद्ध. मुलाने ती तेलुगूत सांगावी, शिक्षिकेने तीच मराठीत परत सांगावी. शेवट गोड करण्याचा किंवा अखेरीस तात्पर्य चिकटविण्याचा मोह तेवढा टाळावा. ओळखीच्या कथेत पुढे काय येणार हे मुलाला ठाऊक असते, त्यामुळे त्याचे सारे लक्ष शब्दांकडे लागते. दोघा भावंडांनी मिळून रानात जाण्याचे ठरविले, त्या जागी शिक्षिकेच्या तोंडून चुकून 'आपण'ऐवजी 'आम्ही' गेले, तर एखादे मूल तिला तेथेच अडवील.