सैनिकांच्या उपमेची दुसरी बाजू

‘पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक’ हे वाक्य वर्गात वर्षानुवर्षे सांगितले जाते. मुलांना ते चटकन समजते. परंतु या उपमेत एक खोट आहे. सैन्य जितके मोठे तितका किल्ला सुरक्षित, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती जितकी जास्त तितके चांगले, असा अर्थ तिच्यातून आपोआप निघतो.

पनवेलजवळ नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. उपमा पारखायला कुष्ठरोगाचेच उदाहरण घेऊ. हॅन्सन यांनी 1873 साली शोधलेला जीवाणू एकच. पण ज्याची पेशींमार्फत होणारी प्रतिकारशक्ती क्षीण, त्याच्या शरीरात तो अफाट वाढतो. ज्याची प्रबळ, त्याच्या अंगावर मोजकेच चट्टे असतात, जीवाणू शोधूनही क्वचितच सापडतो. तरीही त्याचे मज्जातंतू निकामी होऊ शकतात, कारण हल्ला तेथेच होतो. रिडली आणि जॉपलिंग यांचे 1966 चे वर्गीकरण या फरकावरच उभे आहे. काही रुग्णांत हा प्रतिकार अचानक उसळतो. चट्टे लाल होतात, मज्जातंतू सुजतात. तेव्हा डॉक्टर जीवाणूनाशक औषधे चालू ठेवून स्टिरॉइडने प्रतिकार शमवतात. उशीर झाला तर हातापायांची हानी कायमची! सैनिकांच्या गोष्टीत हा उपचार फितुरीच ठरेल.

आमवात, ल्युपस यांसारख्या विकारांत तर शरीर स्वतःवरच उलटते. त्यांचे तज्ज्ञ घडायला भारतात एमबीबीएसची साडेपाच वर्षे, मेडिसिन किंवा बालरोगशास्त्रातील एमडीची 3 आणि ‘क्लिनिकल इम्युनॉलॉजी अँड ऱ्हुमॅटॉलॉजी’ या विषयातील डीएमची 3 वर्षे लागतात. प्रतिकार किती शमवायचा आणि तरीही रुग्णाला जंतुसंसर्गापासून कसे जपायचे, हा तोल साधणे त्यांच्या शिक्षणाचा गाभा आहे. एवढ्या कष्टाने शिकलेल्या डॉक्टरने लिहून दिलेल्या गोळ्या, ‘प्रतिकारशक्ती कमी करणारे औषध कशाला?’ म्हणून घरी परस्पर बंद झाल्या, तर त्या गैरसमजाचे मूळ आपल्या वर्गातही असू शकते.

सैनिकांना वर्गातून हाकलायला नको. फक्त मुलांना पुढचा प्रश्न विचारावा : सैनिकाला घरचा माणूस ओळखता आला नाही तर? आणि शत्रू गेल्यावरही तो थांबला नाही तर? उत्तर शोधताना चुलीतला जाळ आठवू द्यावा. कमी पडला तर भात कच्चा, चुलीबाहेर आला तर घर धोक्यात.