नऊ जणांची साखळी आणि सुरगावची वाट

२ ऑक्टोबर २०१४ रोजी पंतप्रधानांनी दिल्लीच्या वाल्मीकी वस्तीत झाडू हाती घेतला आणि नऊ जणांना जाहीर आवतण दिले. सचिन तेंडुलकर, प्रियांका चोप्रा, सलमान खान, कमल हासन, शशी थरूर, अनिल अंबानी, रामदेवबाबा, मृदुला सिन्हा आणि ‘तारक मेहता’ मालिकेचा चमू. प्रत्येकाने झाडावे, त्याची छबी लोकांपुढे ठेवावी आणि आणखी नऊ जणांना ओढावे. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अमेरिकेतून ‘आइस बकेट चॅलेंज’ जगभर पसरले होते: डोक्यावर बर्फाचे पाणी ओतून घ्यायचे, तिघांची नावे घ्यायची, चोवीस तासांची मुदत द्यायची. आपली साखळी त्याच धर्तीची. मी वहीत हिशेब मांडून पाहिला. नवाची साखळी न तुटता चालली तर दहाव्या पायरीवर ३४८ कोटी माणसे लागतात. म्हणजे देश त्याआधीच संपतो. ती तशी चालली नाही, हे रस्त्यावर पाहून कळतेच.

अशा मोहिमेत काम करणाऱ्याची प्रतिमा आधी येते, काम मागून. ‘मी केले, मला पाहा, आता तू कर’ या तीन वाक्यांत मधले वाक्य सर्वांत जड असते. झाडू चेहऱ्याचे विशेषण होतो. मोहिमेचे बोधचिन्हही पाहण्याजोगे आहे. कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांनी ते केले: गांधीजींचा चष्मा, एका काचेत ‘स्वच्छ’, दुसऱ्या काचेत ‘भारत’. रेखाटन उत्तमच. पण चष्म्यामागे डोळे नाहीत. तिथे कोणाचाही चेहरा बसू शकतो, आणि पुढे तसा तो बसलाही.

एवढ्यावरून साऱ्या प्रदर्शनाला नावे ठेवणे मात्र सोपे आहे. बर्फाच्या बादल्यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णसंस्थेला सुमारे ११.५ कोटी डॉलर मिळवून दिले, ही काही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. आणि प्रसिद्धीचे शास्त्र गांधीजींना कमी कळत होते असेही नाही. मीठ उचलायला ते दांडीपर्यंत चालत गेले, ते काय मिठाच्या टंचाईमुळे?

म्हणून मला १७ ऑक्टोबर १९४० आठवावासा वाटतो. वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी पहिले नाव घेतले ते विनोबांचे, दुसरे जवाहरलालांचे. विनोबांना देशात फारसे कोणी ओळखत नव्हते, म्हणून ‘हा कोण?’ याचे उत्तर गांधीजींनी स्वतः लिहून छापले. त्यात संस्कृतचे ज्ञान होते, सूतकताई होती, आणि आश्रमातल्या स्वयंपाकापासून मैला उचलण्यापर्यंतची सारी कामे केल्याची नोंद होती. सत्याग्रही निवडतानाही नावे त्यांच्या नजरेखालून जात. एकाने पुढच्यांची नावे घेत जाण्याची मुभा नव्हती. ओळख मागच्या वर्षांतून काढलेली होती. विनोबा तेव्हा एकोणीस वर्षे वर्ध्यात होते.

सहा वर्षांनी हेच विनोबा पवनारहून खांद्यावर फावडे घेऊन सुरगावला जाऊ लागले. रोज जायचे, गावाभोवतीचा मैला उचलायचा, परत यायचे. एकदा वाटेतल्या ओढ्याला पूर आला. पलीकडे जाता येईना, तेव्हा त्यांनी पलीकडच्या माणसाला ओरडून सांगितले की देवळात जा आणि गावचा सफाईवाला येऊन गेला असे देवाला कळव. ही आठवण त्यांनीच सांगितलेली, म्हणजे तीही एका अर्थी स्वतःचीच नोंद. ‘मी आलो होतो’ हे सांगण्याची गरज त्यांनाही वाटली! पण त्या हजेरीला प्रेक्षक एकच, आणि तो कोणाला पुढे पाठवणारा नव्हे.

स्वच्छतेच्या त्या मोहिमेत आणखी एका प्रकारचे छायाचित्र निघाले, त्याच्यावर मात्र कोणी लिहीत नाही. गावात शौचालय बांधले की लाभार्थ्याला त्याच्या दारात उभे करून फोटो काढायचा, जागेच्या अक्षांश-रेखांशासह तो सरकारी संकेतस्थळावर चढवायचा. बारा हजारांचे अनुदान या पुराव्याला बांधलेले. नटनट्यांचा फोटो त्यांनी स्वतः निवडलेला, चांगल्या कोनातून. गरिबाचा फोटो हिशेबासाठी. एकाच झाडूखाली दोन प्रकारची माणसे तयार झाली: एक स्वतःला दाखवणारी, दुसरी तपासली जाणारी. डिजिटल माध्यमात ‘स्व’ची घडण यावर बोलताना आपण पहिल्यांचाच विचार करतो.

आमच्या तालुक्यातल्या एका बाईला मी तिचा असा फोटो दाखवायला सांगितले. सेलूच्या बाजारात घेतलेले नवे लुगडे ती त्या दिवशी मुद्दाम नेसली होती, हे तिला नीट आठवत होते. पदर डोक्यावर, हात दाराच्या कडीवर. फोटो काढणारा दोन मिनिटांत पुढच्या घरी गेला. फोटोची प्रत तिच्याकडे नव्हती.