वेचणीचे नियम आणि त्यांचा पुरावा : एक चिकित्सा

संकेतस्थळावरील जाहिराती व अवांतर दुवे वगळून केवळ मूळ लेख वेचून घेणे हे वरकरणी किरकोळ काम वाटते. तथापि प्रत्येक संकेतस्थळाची मांडणी निराळी असल्याने शीर्षक कोठे आहे, मजकूर कोणत्या चौकटीत आहे, काय गाळावयाचे आहे, हे प्रत्येकासाठी वेगळे सांगावे लागते. हे नियम प्रोग्रॅमबाहेर, कॉन्फिगरेशन फाइलींत ठेवले जातात. ‘फाइव्हफिल्टर्स’चा खुला नियमसंग्रह हे या पद्धतीचे लक्षणीय उदाहरण होय. त्याची घडण ‘इन्स्टापेपर’च्या नियमपद्धतीवरून आली असून ‘वॉलाबॅग’सारखी साधनेही तो वापरतात.

या संग्रहात एका संकेतस्थळास एक साधी मजकूर-फाइल असते. ग्रंथालयातील तालिका-कार्डांची आठवण व्हावी अशी ही रचना आहे : एक कार्ड बदलले तरी शेजारचे हलत नाही. एकाच प्रचंड यॅमल फाइलीत अँकरच्या साहाय्याने समान नियम एकदाच लिहिण्याची सोय असते, हे खरे. परंतु तेथे एका दुरुस्तीने अनेकांचे भवितव्य बांधले जाते. शिवाय यॅमलचे स्वतःचे धोके आहेत. देशांच्या यादीत नॉर्वेसाठी अवतरणचिन्हांवाचून लिहिलेली ‘एन-ओ’ ही रोमन अक्षरे यॅमल 1.1 नुसार ‘असत्य’ ठरतात. 2009 च्या 1.2 आवृत्तीने हा नियम वगळला. पायथॉनमधील ‘पायॅमल’ मात्र आजही जुन्याच नियमाने वाचते. त्यामुळे साध्या फाइलींतील पुनरुक्ती हा दोष न मानता परवडणारी किंमत मानणे योग्य ठरेल.

संग्रहाचे खरे वैशिष्ट्य निराळेच आहे. नियमासोबत ‘टेस्ट-यूआरएल’, म्हणजे ज्या पानावर तो पडताळावा त्याचा पत्ता, त्याच फाइलीत लिहिलेला असतो. विधानाशेजारीच पुरावा ठेवण्याची ही शिस्त अनेक शोधप्रबंधांतही आढळत नाही.

मात्र हा पुरावा अपुरा आहे. पत्ता असला म्हणजे त्या पानावरून नेमका कोणता मजकूर मिळावयास हवा हे कळतेच असे नाही. त्यातच, नियम जुळला नाही तर प्रणाली स्वतःच्या अंदाजाने मजकूर शोधते. वाचकाच्या दृष्टीने ही सोय आहे. अभ्यासकाच्या दृष्टीने ती घातक आहे. संकेतस्थळाने मांडणी बदलली की नियम निकामी होतो, पण पान रिकामे येत नाही. छायाचित्राखालील ओळी, ‘हेही वाचा’ची शीर्षके असे काहीतरी येतच राहते. वृत्तपत्रीय भाषेचा शब्दसंचय सिद्ध करणाऱ्याच्या गणनेत ते निमूटपणे मिसळते आणि शब्दांच्या वारंवारितेवरून काढलेला निष्कर्ष बिघडतो. रिकामे पान निदान चूक दाखवून देते.

हा अंदाज बंद करण्याची तरतूद नियमफाइलीत एका ओळीची आहे. ती ओळ न लिहिल्यास मात्र अंदाज चालूच राहतो, आणि संशोधनासाठी संग्रह वापरताना नेमकी हीच बाब उलट हवी होती.