अग्निशिखराची पुनर्यात्रा

स्टीव्ह जॅक्सन व इयन लिव्हिंगस्टोन यांचे ‘द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’ (१९८२) ही कादंबरी की खेळ, हा प्रश्न बालपणी पडत नाही. चारशे क्रमांकित परिच्छेद, दोन फासे, एक पेन्सिल. वाचकच नायक, मार्ग त्यानेच निवडावयाचा. कथा बव्हंशी भुयारांत घडते. बाहेरचा पर्वत जबलपुरच्या मुलाने मदनमहालच्या शिळांवरून कल्पावा. मागील पानात बोट ठेवून मृत्यू चुकविण्याची सोयही असतेच.

प्रौढपणी ते बोट काढून, फाशांशी इमान राखून खेळले म्हणजे पुस्तकाचे खरे रूप कळते. दैव अजमावताच, निकाल कसाही लागो, दैवाचा एक अंक घटतो. हा नियम हेच या कृतीतील उत्तम साहित्य, असे आम्हांस वाटते. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’चा नायक तरणार ही वाचकाची खात्री असते, येथे ती नाही. नदीपलीकडचा चक्रव्यूह मात्र निव्वळ कंटाळवाणा. तेथे भय नाही, नुसती पायपीट आहे. (हा उत्तरार्ध जॅक्सन यांचा.) आणि मांत्रिकाला मारूनही पेटीच्या अचूक किल्ल्या जवळ नसतील, तर सारा पराक्रम व्यर्थ! याला अन्याय म्हणणारे म्हणोत बापडे. किल्ल्या वाटेतच होत्या, आपण दुसऱ्या दाराने गेलो.