सनातन याजकत्व

ख्रिस्ती धर्मग्रंथांतील ‘इब्री लोकांस पत्र’ हे प्रकरण आमच्या सुशिक्षित वर्गात फारसे वाचले जात नाही. डोंगरावरील प्रवचन पुष्कळांस ठाऊक असते; ह्या पत्राचा सातवा अध्याय उघडणारे मात्र विरळा. वस्तुतः पौरोहित्याचा अधिकार जन्माने येतो की अन्य कशाने, ह्या प्रश्नाचा त्यात कसून विचार केलेला आहे; आणि तो प्रश्न आम्हां कोल्हापूर प्रांतींच्या लोकांस परका नाही.

पत्रकर्त्याचा आधार एकशे दहाव्या स्तोत्राचा. त्यात ईश्वर शपथपूर्वक एका राजास मलकीसदेकाच्या धर्तीचे कायमचे याजकपद देतो. हा मलकीसदेक उत्पत्तीच्या चौदाव्या अध्यायात क्षणभर येतो. शालेमचा राजा आणि परात्पर देवाचा याजक असा तो पुरुष अब्रामापुढे भाकर व द्राक्षारस ठेवतो, त्यास आशीर्वाद देतो, दशमांश स्वीकारतो आणि दिसेनासा होतो. त्याचे मातापिता, कुळ, मृत्यू ह्यांविषयी ग्रंथ मुका आहे. पत्रकर्ता ह्या मौनातच अर्थ पाहतो. लेवीच्या वंशापूर्वी वंशावळीवाचून याजक होऊन गेला. मग यहूदाच्या कुळातील येशू याजक का नसावा?

हा युक्तिवाद तर्काच्या कसोटीस पुरता उतरत नाही. मृत्यू सांगितला नाही, म्हणून तो झालाच नाही, असे ठरत नाही. तथापि त्या काळच्या यहूदी लोकांतही ह्या पुरुषाविषयी मोठ्या कल्पना होत्या. कुमरानजवळील गुहेत १९५६ साली सापडलेल्या लेखांपैकी एकात मलकीसदेक स्वर्गीय न्यायकर्ता म्हणून आला आहे.

खरे मर्म ‘सनातन’ ह्या शब्दात आहे. अहरोनाच्या वंशासही मोशेच्या ग्रंथांत सर्वकाळचे याजकपद दिलेले आहे. पण तेथे नित्यता पदाची, माणसे मरणाधीन. अहरोनापासून इ. स. ७० मध्ये मंदिर उद्ध्वस्त होईपर्यंत ८३ महायाजक झाले, अशी गणना जोसिफस देतो. पत्रकर्त्यास ही बहुसंख्या हीच उणीव वाटते. त्याच्या मते खरी नित्यता व्यक्तीच्या अविनाशी जीवनाची. तशा याजकास वारस लागत नाही.

येथे मराठी भाषांतराविषयी आमची एक तक्रार आहे. रूढ भाषांतरात मलकीसदेकाचा ‘संप्रदाय’ म्हटले आहे. संप्रदाय म्हणताच आमच्या मनात गुरुशिष्यपरंपरा उभी राहते. मलकीसदेकास तर ना गुरू, ना शिष्य. पुढे पत्रकर्ता स्वतःच त्या जागी ‘सादृश्य’ अशा अर्थाचा शब्द योजतो. परंपरा खुंटली हे सांगताना परंपरावाचक शब्द यावा, हा अर्थविपर्यास होय. ‘रीतीप्रमाणे’ म्हटले असते, तर तो टळता.

आमच्या कबनूरसारख्या गावी जोशीपण व गुरवकी बापाकडून लेकाकडे जाणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची ओळखीची गोष्ट. शाहू छत्रपतींच्या काळी कोल्हापुरात वेदोक्ताचा वाद पेटला, त्याचेही मूळ हेच : कोणासाठी कोणते मंत्र म्हणावेत, हे कुळावरून ठरे. महाराजांनी १९२० साली क्षात्रजगद्गुरूंचे पीठ निर्मिले. त्याने जुन्या मक्तेदारीस धक्का बसला, हे निःसंशय. परंतु एका गादीस उत्तर म्हणून दुसरी गादी आली. इब्री पत्राचे उत्तर अधिक मूलगामी आहे. ते गादीची आवश्यकताच नाकारते.

ख्रिस्ती समाजासही हे उत्तर एकमताने पेलले नाही. रोमन पंथाने ख्रिस्ताच्या याजकत्वात सहभागी असा दीक्षित वर्ग मानला. ल्यूथरने १५२० साली सर्वच श्रद्धावंत याजक आहेत, असे प्रतिपादिले. वाद अद्याप मिटलेला नाही. पण दोघांसही बंधनकारक असे एक माप पत्रकर्त्याने घालून दिले आहे : याजक तोच, जो स्वतः दुःख सोसून दुर्बळांविषयी कळवळा बाळगतो. हे माप कुळाचा दाखला मागत नाही. ते कोणत्याही धर्माच्या पुरोहितास लावून पाहावे. कित्येक प्रतिष्ठित त्यात उणे ठरतील, आणि ज्यांस कोणी पुरोहित म्हणत नाही असे कित्येक पुरे उतरतील.